उलटा करून गुणायचं

८ जानेवारी १९८४, रविवार

अंगणवाडीच्या मागच्या सालच्या हजेरीवहीत शेवटची चाळीस पानं कोरी राहिली आहेत. त्यातच लिहायला बसले. कोणाला सांगता येत नाही, आणि पोटात ठेवलं तर भाकर गोड लागत नाही.

काल शाळेच्या व्हरांड्यात वामनराव गुरुजींनी चार माणसांपुढे माझा पाणउतारा केला. चामोर्शीला मुलींचं एक वसतिगृह आहे. आठवीपासून ठेवून घेतात, जागा बारा. चार मार्चला लेखी परीक्षा. आमच्या टोल्यातली, या एवढ्याशा वस्तीतली शाळा सातवीला संपते, म्हणजे माझ्या तक्षूचं शिक्षण पुढं जायचं तर हाच एक रस्ता. मी फॉर्म मागायला गेले. गुरुजी म्हणाले, “फॉर्म देतो, अंजनाबाई. पण पोरगी अपूर्णांकात कच्ची आहे. सकाळी माझ्या ओसरीवर पाठवा.” मी म्हणाले, घरी मी घेते अभ्यास. त्यावर ते हसले. “तुम्ही? तुमची सातवी तरी झाली का पूर्ण?”

तिथं चैतू उभा होता. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा त्याच्या बायकोचंही नाव होतं. ती मला मिळाली ते त्याला अजून पचलं नाही. तो मोठ्यानं हसला.

माझी सहावी पास आहे. सातवीत दिवाळीपर्यंत बसले, मग लग्न झालं. हे गावाला माहीत आहे, पण व्हरांड्यात बोलायची गोष्ट नव्हती. मी म्हणाले, “गुरुजी, तुमच्या ओसरीवर ना मी पाय ठेवन, ना माझी पोरगी.” फॉर्म घेतला आणि आले.

बोलून तर बसले. आता करून दाखवायला लागेल.

११ जानेवारी, बुधवार

माझी जुनी गणिताची वही सापडली नाही. उंदरांनी खाल्ली असेल. पण रीत तोंडपाठ आहे. आमचे मास्तर छडी घेऊन म्हणायचे, “भागाकार आला की उलटा करून गुणायचं.” ते कानात पक्कं बसलंय.

अंगणवाडी बारा वाजता सुटते, शाळा पाच वाजता. पाच ते सात अभ्यास, असं ठरवलं. तक्षू मुकाट बसली. तिचं पूर्ण नाव तक्षशीला, तेरावं चालू आहे, पण अंगानं दहाची वाटते.

१५ जानेवारी, रविवार

आज हात उचलला. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

अपूर्णांकांचा भागाकार सांगत होते. पहिला उलटा करायचा, मग दोन्ही गुणायचे. तीन उदाहरणं करून दाखवली. तक्षू पेन धरून बसली आणि हळूच म्हणाली, “आई, दुसरा उलटा करतेत ना वं?”

“कोण सांगितलं?”

“शाळेत...”

शाळेत म्हणजे गुरुजींनी. माझ्या डोळ्यांपुढे तो व्हरांडा आला. “मले शिकवून राह्यली का?” म्हणाले आणि गालात मारली. सासू चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली.

तक्षू रडली नाही. पुस्तक पुढं ओढलं आणि पहिला उलटा करून उदाहरण सोडवलं. नंतर सात उदाहरणं तशीच केली, एकही चुकलं नाही. म्हणजे समजलं तिला. थोडा धाक लागतोच.

१९ जानेवारी, गुरुवार

रोज वीस भागाकार करून घेते. आता हात सरसर चालतो, विचारावं लागत नाही. मराठीचे निबंधही बरे लिहिते. ‘माझा आवडता पक्षी’ यावर नीळकंठाचं इतकं सुंदर लिहिलं की मी दोनदा वाचलं, पण तिला सांगितलं नाही. डोक्यात हवा जाते.

एक गोष्ट खटकते. सकाळी सरपण आणायला जाते म्हणून निघते आणि दोन तास येत नाही. येते तेव्हा मोळी एवढीशी, बगलेत मावेल अशी. जंगल तर घराच्या मागंच आहे. सासू म्हणाली, “पोरगी कुठी जाते, पाहात जा जरा.” विचारलं तर म्हणते, “वाळलेलं लाकूड दूर मिळते.”

२७ जानेवारी, शुक्रवार

शाईची दौत तीन आठवड्यांत संपली. मी विचारलं, एवढी शाई कुठं गेली? म्हणाली, सांडली. जमिनीवर डाग तर कुठं दिसत नाही.

आणि आज सरपणाहून आली तर बोटांना ओली शाई. मी म्हणाले, “लाकडाले शाई लागली होती का?” ती हात धुवायला पळाली. मला वाटतं शाळेच्या मागं मैत्रिणींसोबत वहीत चित्रं काढत बसते. परीक्षा पाच आठवड्यांवर आली आणि हिला चित्रं सुचतात! उद्यापासून मीच सोबत जाणार होते, पण सकाळी अंगणवाडी असते. जमत नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

तक्षूचे बाबा आले. आलापल्लीच्या लाकूड डेपोत असतात, पंधरवड्यातून एकदा येतात. जेवताना म्हणाले, “पोरगी हसत नाई आता.” मी म्हणाले, हसून वसतिगृहात घेत नाहीत.

वडश्याची नाटक कंपनी शेजारच्या गावी आली आहे. सगळा टोला जाणार. ते म्हणाले, पोरीला नेतो. मी नाही म्हणाले. बापलेक दोघंही माझ्याकडं पाहात राहिले. मला काय हौस आहे का नाही म्हणायची? मीही सहा वर्षांत एक नाटक पाहिलं नाही. पण महिना राहिला आहे.

मी जास्त करते का? हे मी फक्त इथं विचारते.

१८ फेब्रुवारी, शनिवार

सराव पेपर घेतला. शंभरपैकी एक्याण्णव. तपासला मीच. भागाकाराची आठही उदाहरणं बरोबर. सासूला सांगितलं तर म्हणाली, “तूच पेपर काढते, तूच तपासते, मंग काऊन नाई येणार एक्याण्णव?” तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मनावर घेतलं नाही.

गुरुजी रस्त्यात दिसले. त्यांनी हात जोडून नमस्कार केला, जसं काही झालंच नाही. चेहराही मवाळ. मी पाहिलं न पाहिलं केलं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार



आज गरोदर बायांना गूळ वाटायचा होता. पाऊण किलो गूळ, प्रत्येकीला अर्धपाव. माझी मदतनीस गुणाबाई पुड्या बांधायला कागद फाडत होती. तिनं विचारलं, “किती कागद फाडू, बाई?”

मला वाटलं, वा, हा तर आमचाच भागाकार. पाऊण भागिले एक अष्टमांश. खडूनं जमिनीवर मांडलं. पहिला उलटा केला, चार तृतीयांश. गुणिले एक अष्टमांश. उत्तर आलं एक षष्ठांश.

एक षष्ठांश पुडी.

मी पुन्हा केलं. पुन्हा एक षष्ठांश. गुणाबाई माझ्याकडं पाहात होती. तिनं बोटं मोजली. “पाऊण किलोत तीन पाव. एका पावात दोन अर्धपाव. सहा कागद होतेत ना वो बाई.” आणि सहा कागद फाडले.

मी दुसरा उलटा करून पाहिला. सहा.

सहा बाया सहा पुड्या घेऊन गेल्या. मी अंगणवाडीशेजारच्या बुद्धविहाराच्या पायरीवर बसून राहिले. दीड महिना. रोज वीस. माझ्या पोरीच्या हातात मी चुकीची रीत घोटून घोटून बसवली, आणि तिनं बरोबर सांगितलं तेव्हा तिला मारलं.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून सांगितलं नाही. काल पाच वाजता पोट दुखतं म्हणून अभ्यास घेतला नाही, आज नुसते निबंध घेतले.

खरं लिहिते. मनात असं आलं की सांगूच नये. नऊ दिवसांत नवी रीत शिकवली तर ती गोंधळेल, आणि माझ्या कुठल्याच शब्दावर तिचा भरवसा राहणार नाही. भागाकाराची दोन-तीनच उदाहरणं येतील, बाकीच्यात ती भरून काढेल. असं मी स्वतःला दिवसभर समजावलं. संध्याकाळी ती दिव्याची काच पुसत होती, आणि मला कळलं की मी तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी गप्प आहे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

आंगणात बसवलं आणि म्हणाले, “तक्षू, माझं चुकलं. दुसराच उलटा करतेत. तू त्या दिवशी बरोबर होती.”

ती खाली पाहात राहिली. मग म्हणाली, “मले माहीत होतं, आई.”

“मंग रोज तसं काऊन करत होती?”

“तुले बरं वाटे म्हणून.”

मग एकेक निघालं. सरपणाला जात नव्हती. रोज सकाळी वामनराव गुरुजींच्या ओसरीवर जात होती. तिथं तिची दुसरी वही आहे. सकाळी त्या वहीत बरोबर रीत, संध्याकाळी माझ्या वहीत माझी रीत. शाई तिथं जात होती.

तिचं शिकणं वाया गेलं नाही, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग आला. ज्याच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाले, तिथं माझीच पोरगी दीड महिना बसली. गुरुजी माझ्या चुकीच्या रीतीवर हसले असतील. चैतूला सांगितलं असेल. रस्त्यातला तो नमस्कार, तो मवाळ चेहरा! मी उठून घरात गेले. रात्री तिच्याशी बोलले नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

आज गुरुजींच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं काऊन लिहू?

त्यांना हिवताप आहे, खाटेवर घोंगडी पांघरून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “या, अंजनाबाई. तुमचा निरोप मिळाला तेव्हाच मी घरी येणार होतो. लाज वाटली.”

“कोणता निरोप?”

“तक्षशीलानं सांगितला ना. आई म्हणे, त्या दिवशी माझ्या तोंडून जास्त निघालं, माफ करा, अन् पोरीले शिकवा. बाई, जास्त तर मीच बोललो होतो. चार लोकांपुढं तुमची सातवी काढायची मले काही गरज नव्हती.”

मी उभीच राहिले. माझ्या नावानं माझी पोरगी माफी मागून आली होती. ती माफी खोटी होती हे सांगायला माझ्या जिभेवर शब्द आला होता. गुरुजींचे डोळे तापानं लाल झाले होते, आणि ते खरंच ओशाळले होते.

मी म्हणाले, “चुकलं तर होतंच माझं.”

मग विचारलं, ती माझ्या रीतीबद्दल काही बोलली का? ते म्हणाले, “कोणत्या रीतीबद्दल? ती म्हणे, आई घरी सराव घेते, म्हणून हात बसला.”

घरी येऊन तक्षूला जवळ घेतलं. तिनं अंग आखडून घेतलं. मग थोड्या वेळानं सोडलं.

१ मार्च, गुरुवार

आता तीच मला शिकवते, असं म्हटलं तरी चालेल. उदाहरण सोडवते आणि पायरी पायरीनं बोलून दाखवते. पण एक पाहिलं. घाई केली की तिचा हात आपोआप पहिल्या अपूर्णांकाकडं जातो. मग थांबते, खोडते, दुसरा उलटा करते. दहातून चारदा असं झालं. डोक्यात बरोबर आहे, हातात माझी चूक आहे. ती काढायला दीड महिना कुठून आणू?

४ मार्च, रविवार

परीक्षा झाली.

पहाटेच निघालो. तीन मैल चालून डांबरी रस्त्याला आलो. जत्रेचे दिवस, एस.टी. माणसांनी खचाखच भरून आली आणि न थांबताच निघून गेली. दुसरीही तशीच. तक्षू सारखी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडं पाहायची. नऊ वाजले. परीक्षा दहाला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि बांबूचा ट्रक अडवला. ड्रायव्हरनं शिवी दिली, मग पोरीच्या हातातली पट्टी आणि पेन पाहून दार उघडलं.

पोचलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं. आत घेतलं, पण वेळ वाढवून दिला नाही.

एक वाजता बाहेर आली. ओठ पांढरे.

“भागाकार होते?”

“तीन.”

“मंग?”

“हात तिकडंच गेला, आई. तिन्हींत. मंग खोडलं. पायऱ्या लिवाले टाइम नोहता, तोंडी केले अन् उत्तर लिवलं.”

मी म्हणाले, चालते. दुसरं काय म्हणणार? येताना गाडीत बसायला जागा होती, पण आम्ही दोघी उभ्याच होतो. कितीतरी वेळानं लक्षात आलं.

१९ मार्च, सोमवार

पोस्टमन पत्रू कार्ड घेऊन आला. अठरा मुलींना तोंडी परीक्षेला बोलावलं आहे, त्यात तक्षूचं नाव आहे. पालकासह हजर राहावे. चैतूच्या पुतणीचंही नाव आहे, ती चैतूसोबत येईल. सासूनं कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि डब्यात जपून ठेवलं.

तक्षूचे बाबा नाहीत. मीच जाणार.

२५ मार्च, रविवार

चामोर्शीहून आताच आलो. उजेड आहे तोवर लिहिते.

वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत बाकांवर पंधरा-सोळा पालक, समोर टेबलाशी मोठ्या बाई. पांढरी साडी, चष्मा, बोलणं हळू. एकेकीला सगळ्यांसमोरच बोलावत होत्या. चैतू माझ्या मागच्या बाकावर.

तक्षूचा नंबर आला. कविता म्हटली, नीळकंठाबद्दल बोलली. बाई हसल्या. मग त्यांनी तिची उत्तरपत्रिका काढली आणि हसू गेलं.

“साडेसात मीटर कापडातून पाऊण मीटरचे किती तुकडे. तू आधी उत्तर काढलंस एक दशांश. ते खोडलं आणि खाली सरळ दहा लिहिलंस. पायरी एकही नाही. असंच तीन उदाहरणांत. तुझ्या शेजारच्या मुलीची तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. बरोबर उत्तर कुठून आलं?”

तक्षू फळ्याकडं पाहू लागली.

“घाबरू नको. फळ्यावर तू आज करून दाखवशील, ते मला माहीत आहे. तीन आठवड्यांत कोणीही शिकतं. त्या दिवशी काय झालं ते सांग.”

“मीच चुकले होते, बाई.”

“एकच चूक तीनदा? आणि तीनदा आपोआप सुधारली?”

मागं चैतूनं खाकरलं. तक्षूनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. त्या एका नजरेत मला सगळं समजलं. ती सांगणार नव्हती. कॉपी केली असं बाई म्हणाल्या असत्या तरी तिनं ऐकून घेतलं असतं, जागा गेली असती तरी चाललं असतं, पण आईनं चुकीचं शिकवलं हे ती त्या खोलीत बोलणार नव्हती.

बाईंनी कागद बाजूला ठेवला. पुढच्या मुलीचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

मी उभी राहिले. 

“बाई, पहिली रीत माझी आहे.”

“म्हणजे?”

मी फळ्याकडं गेले. खडू घेतला. साडेसात म्हणजे पंधरा द्वितीयांश. तो उलटा केला, दोन पंधरांश. गुणिले तीन चतुर्थांश. एक दशांश. खडू दोनदा मोडला.

“मी हिले असं शिकवलं. दीड महिना, रोज वीस उदाहरणं. हिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं का चुकलं म्हणून. मी हिले मारलं. मंग ही गुरुजीकडं जाऊन बरोबर शिकली, अन् माझं मन राखाले घरी माझ्या रीतीनं करत राह्यली. हिच्या हाताले माझी चूक लागली आहे. डोकं तिचं आहे. कॉपी नाई केली हिनं.”

 बाईंनी चष्मा काढला.

“तुम्ही काय करता?”

“अंगणवाडी चालवते.”

मागून चैतू हसला. तो हसणारच होता. उद्या अर्ध्या तालुक्यात होईल, अंगणवाडीच्या बाईला भागाकार येत नाही. मला वाटलं होतं, त्या हसण्यानं मी जमिनीत जाईन. गेले नाही. तिथंच उभी होते.

बाईंनी तक्षूला तोंडी तीन उदाहरणं घातली, एकामागून एक, श्वास घ्यायला वेळ न देता. तिनं हात मागं बांधून तिन्ही सांगितली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाल्या, “चौदा जूनला घेऊन या. एक ताट, एक गादी, दोन गणवेश.” मग पेन खाली ठेवून, “आणि जाताना माझ्याशी बोलून जा. अंगणवाडीच्या बायांसाठी सातवीच्या परीक्षेला बसायची सोय असते, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?”

गाडीत तक्षू खिडकीपाशी बसली. मी म्हणाले, “झालं बाई एकदाचं.” तिनं तोंड बाहेर फिरवलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. रस्त्याला उतरलो, तीन मैल चालायचं होतं. मोहाची फुलं वेचून बाया परतत होत्या. अर्ध्या रस्त्यात ती एकदम थांबली.

“तू काऊन सांगितलं? चैतूकाकापुढं? आता सारे तुले हासतीन. मी एवढी लपवून राह्यली अन् तू फळ्यावर लिवून आली! मले विचारलं का तू?”

आणि पाय आपटत पुढं निघून गेली. घर येईपर्यंत वीस पावलं पुढंच चालली, एकदाही मागं पाहिलं नाही. मी तिच्या मागं मागं आले. मला उलट बोललं की मार बसतो, हे त्या क्षणी तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.